बॅटरी ग्रिप: कॅमेऱ्याच्या कंपनीची घ्यावी की दुसऱ्या कंपनीची?

बॅटरी ग्रिप म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला जोडायची, जास्तीची बॅटरी आणि बहुधा दुसरं शटर बटण असलेली पकड. ती घ्यायचं मनात आलं की आधी किमतींची तुलना सुरू होते. कॅनन, निकॉन, सोनीची स्वतःची ग्रिप एका बाजूला. दुसऱ्या बाजूला मेइके, नीवर, फॉटिक्स, न्यूएल अशा कंपन्यांची, फोटोत हुबेहूब तशीच दिसणारी आणि किमतीत कितीतरी स्वस्त. सल्ला विचारला तर कोणी म्हणतं, ओरिजिनलच घ्या. कोणी म्हणतं, एवढ्याशा प्लास्टिकच्या डब्याला इतके पैसे कशाला? दोन्ही सल्ले अर्धवट आहेत, कारण ग्रिपचा उपयोग प्रत्येकाला वेगळा असतो.

माझं मत आधीच सांगतो. ज्याचं बोट दिवसभर ग्रिपवरच्या शटर बटणावर असतं, त्याने ओरिजिनल घ्यावी. नवी परवडत नसेल तर वापरलेली घ्यावी. ज्याला फक्त जास्त वेळ चालणारी वीज आणि भरीव पकड हवी आहे, त्याचं काम थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या, ग्रिपवर भागतं, मात्र परत करण्याची मुदत संपायच्या आत ती नीट तपासून घ्यायला हवी. बॅटऱ्यांच्या बाबतीत मात्र कोणीही काटकसर करू नये. हे असं का, ते आता क्रमाने पाहू.

पायरी १: ग्रिप कशासाठी हवी, ते ठरवा

फक्त बॅटरी पुरत नाही म्हणून ग्रिप हवी असेल तर थोडं थांबा. ग्रिपमुळे सहसा एकूण दोन बॅटऱ्या मिळतात, म्हणजे शॉट साधारण दुप्पट होतात. खिशात ठेवलेली दुसरी बॅटरीही तेवढेच शॉट देते, फक्त ती बदलायला काही सेकंद जातात. धावण्याच्या शर्यतीची शेवटची रेषा, रंगमंचावर चालू असलेला प्रयोग, मध्ये थांबवता न येणारं चित्रीकरण अशा ठिकाणी ते सेकंद महाग पडतात. सहलीत किंवा स्टुडिओत नाही.

टाइमलॅप्ससाठी (ठरावीक अंतराने फोटो घेऊन केलेल्या व्हिडिओसाठी) ग्रिपपेक्षा यूएसबीवरून वीज देणं सोयीचं पडतं. अलीकडचे बरेच मिररलेस (आत आरसा नसलेले) कॅमेरे पॉवर बँकेवर चालू राहतात. पण इथे एक बारकावा आहे. यूएसबीवर चार्ज होणं आणि यूएसबीवर चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१८ चे निकॉन झेड ६ आणि झेड ७ बंद असताना यूएसबीवर चार्ज होतात, पण चालू असताना त्या विजेवर चालत नाहीत. २०२० च्या झेड ६ टू आणि झेड ७ टूमध्ये ती सोय आली. तुमच्या कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत हे आधी पाहा.

ग्रिपचं खरं मोल उभ्या फ्रेममध्ये कळतं. ग्रिप नसेल तर उभा फोटो घेताना उजवा हात डोक्याच्या वर जातो, कोपर हवेत राहतं आणि कॅमेऱ्याचा भार मनगटावर येतो. पाच-दहा फोटोंना काही वाटत नाही. तीन तास पोर्ट्रेट काढताना खांदा भरून येतो आणि मंद शटरवर फोटो हलायला लागतात. ग्रिप असेल तर कोपर अंगाशी टेकतं आणि हात आडव्या फ्रेमसारखाच स्थिर राहतो. ज्यांच्या कामात निम्म्याहून जास्त फ्रेम उभ्या असतात, त्यांनी तर ग्रिप घ्यावीच.

तिसरं कारण तोल. ७०-२०० एमएम एफ/२.८ सारखी जड लेन्स छोट्या बॉडीला, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्याला, लावली की सगळं पुढे झुकतं. ग्रिपचं वजन ते थोडं सावरतं. पण त्रास फक्त करंगळी खाली लोंबकळण्याचा असेल, तर बॅटरी नसलेली साधी एक्स्टेंशन ग्रिप पुरते. कॅननने ईओएस आरपीसाठी ईजी-ई१ नावाची तशीच ग्रिप काढली होती. ती हलकी आहे, आणि तिच्यात सर्किटच नसल्यामुळे बिघडण्यासारखंही फारसं काही नाही.

काही कॅमेऱ्यांत ग्रिपमुळे वेगही वाढतो. निकॉन डी७०० एकटा सेकंदाला ५ फ्रेम घेतो, एमबी-डी१० ग्रिप आणि ईएन-ईएल४ए बॅटरी लावली की ८. डी८५० एमबी-डी१८ आणि ईएन-ईएल१८बी बॅटरीवर ७ वरून ९ वर जातो. फुजीफिल्म एक्स-टी२ ला व्हीपीबी-एक्सटी२ लावून बूस्ट मोड चालू केला की मेकॅनिकल शटरचा वेग ८ वरून ११ होतो, आणि फोरके चित्रीकरणाची मर्यादा १० मिनिटांवरून ३० मिनिटांवर जाते. ग्रिप या वेगासाठीच घेत असाल तर ओरिजिनल घ्या. हा वेग बॉडी, ग्रिप आणि बॅटरी यांच्या परस्पर ओळखीवर अवलंबून असतो. नक्कल, म्हणजे थर्ड पार्टी, ग्रिप बसली आणि तिच्यावर कॅमेरा चालला, तरी ती ओळख पूर्ण झाली असं समजता येत नाही.

पायरी २: तुमची बॉडी काय देते ते पाहा

कॅमेरा उलटा करा आणि तळ बघा. ग्रिप जोडण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत बॅटरीचं झाकण काढून ठेवायचं आणि ग्रिपचा उभा दांडा बॅटरीच्या कप्प्यात घालायचा. वीज आणि बटणांचे सिग्नल तिथूनच जातात. कॅननच्या बहुतेक आणि सोनीच्या ग्रिप अशा आहेत. दुसरीत बॉडीतली बॅटरी आतच राहते आणि तळाच्या रबरी टोपीखालच्या पिनांना ग्रिप जोडली जाते. डी८०० किंवा डी८५० सारख्या निकॉनमध्ये ही पद्धत दिसते. दुसऱ्या पद्धतीत ग्रिप अचानक बंद पडली तर ती काढून बॉडीतल्या बॅटरीवर लगेच काम चालू ठेवता येतं. पहिल्या पद्धतीत आधी बॅटरी ग्रिपमधून काढून बॉडीत घालावी लागते आणि झाकण पुन्हा बसवावं लागतं.

ज्या बॉडीत बटणांच्या सिग्नलची सोयच नाही, तिथे ओरिजिनल ग्रिपही तोकडी पडते. झेड ६ आणि झेड ७ साठी निकॉनने काढलेल्या एमबी-एन१० वर शटर बटण नाही, डायल नाही. ती फक्त दोन बॅटऱ्यांची पेटी आहे. उभ्या फ्रेमची बटणं झेड ६ टू, झेड ७ टूच्या एमबी-एन११ मध्ये आली. फुजीफिल्मच्या एक्स-टी४ ला ग्रिप होती, एक्स-टी५ मध्ये कंपनीने ती सोय काढून टाकली. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या कॅमेऱ्यांसाठी कंपनीने ग्रिप केलीच नाही. तिथे इतर कंपन्यांनी वेगळी वाट काढली. ग्रिपमधून निघालेली छोटी केबल कॅमेऱ्याच्या रिमोटच्या सॉकेटमध्ये खोचायची, म्हणजे ग्रिपवरचं शटर बटण रिमोटसारखं चालतं. बाहेर लोंबणारी केबल अडकते आणि सॉकेटचं झाकण सतत उघडं राहतं, हे मान्य. पण अशा बॉडीला तोच एक मार्ग आहे आणि हौशी कामाला तो पुरतो.

मॉडेल नंबर जुळवताना घाई करू नका. बॅटरी सारखी म्हणजे ग्रिप सारखी, असं नसतं. सोनीच्या व्हीजी-सी३ईएम आणि व्हीजी-सी४ईएम दोन्हींत एनपी-एफझेड१०० बॅटरीच बसते, पण पहिली ए७ थ्री, ए७आर थ्रीची आणि दुसरी ए७आर फोर, ए७ फोर, ए१ यांची. कॅनन ५डी मार्क थ्रीची बीजी-ई११ मार्क फोरला चालत नाही, तिथे बीजी-ई२० लागते. उलट कॅननची बीजी-ई१४ ही २०१३ च्या ७०डीपासून ८०डी आणि २०१९ च्या ९०डीपर्यंत चालली, आणि बीजी-आर१० आर५, आर६ आणि आर६ मार्क टू या सगळ्यांना बसते. अशी ओरिजिनल ग्रिप बॉडी बदलली तरी सोबत राहू शकते. किमतीचा हिशेब करताना ही गोष्ट धरा.

पायरी ३: फरक नेमका कुठे असतो

ग्रिपच्या माहितीपत्रकात दिसत नाही असा सगळ्यात मोठा फरक शटर बटणात असतो. बटण अर्धं दाबलं की फोकस, पूर्ण दाबलं की फोटो. या दोन टप्प्यांमधला सूक्ष्म अडथळा बोटाला कळावा लागतो. चांगल्या ग्रिपमध्ये तो बॉडीवरच्या बटणासारखाच लागतो, म्हणून कॅमेरा फिरवला तरी हाताला वेगळं वाटत नाही. नकलेत बऱ्याचदा बटण फार हलकं असतं आणि फोकस व्हायच्या आधीच फोटो निघतो, किंवा इतकं कडक असतं की दाबताना कॅमेरा हलतो. निसर्गदृश्य काढणाऱ्याला याची सवय होईल. माणसांचे क्षण टिपणाऱ्याला होणार नाही, कारण त्याला फ्रेम फिरवल्यावर बोटाचा विचार करायला वेळच नसतो.

दुसरी गोष्ट डायल. मागचा किंवा पुढचा डायल एक खूण फिरवला की मूल्य एकाच पायरीने बदलायला हवं. डायलचं फिरणं मोजणारे स्वस्त एन्कोडर खुणा गाळतात, कधी दोन पायऱ्या उडी मारतात, काहींत दिशा उलटी असते. मॅन्युअल एक्स्पोजरवर काम करणाऱ्याला हे फार जाचतं. जॉयस्टिक, एएफ-ऑन (अंगठ्याने फोकस करायचं) बटण आणि फंक्शन बटण ग्रिपवर आहेत का, आणि बॉडीवर तुम्ही त्यांना दिलेली कामं ग्रिपवरही लागू होतात का, हेही बघायचं. अंगठ्याने फोकस करणाऱ्यांनी तर एएफ-ऑन नसलेली ग्रिप घेऊच नये.

तिसरी गोष्ट सांधा, आणि तिच्याकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. ग्रिप कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडच्या पाव इंची स्क्रूवर टांगलेली असते. तुम्ही ग्रिपला ट्रायपॉडची प्लेट लावली की बॉडी आणि लेन्सचा सगळा भार त्या एका स्क्रूवर आणि ग्रिपच्या कवचावर येतो. एमबी-डी१० आणि एमबी-डी१२ यांचं कवच मॅग्नेशियम मिश्रधातूचं आहे. बहुतेक थर्ड पार्टी ग्रिप प्लास्टिकच्या असतात. प्लास्टिक वाईट नसतं, पण ते किंचित वाकतं. कॅमेरा ट्रायपॉडवर उभा लावला की ही लवचीकता मंद शटरवर धूसरपणा बनून दिसते. ट्रायपॉडवर तीक्ष्ण फोटो हवे असतील तर कोणतीही ग्रिप, अगदी ओरिजिनलसुद्धा, काढून ठेवणं उत्तम. एल-ब्रॅकेट (कॅमेरा ट्रायपॉडवर आडवा-उभा लावण्याची एल आकाराची पट्टी) वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. ग्रिपसाठी बनलेले ब्रॅकेट सहसा ओरिजिनल ग्रिपच्या मापाचे असतात. नकलेचा आकार मिलिमीटरभर वेगळा असला तरी ते बसत नाहीत किंवा दरवाजा अडवतात.

धूळ-पाण्याच्या सीलिंगबद्दल थोडक्यात. सीलिंग असलेल्या बॉडीला सीलिंग नसलेली ग्रिप लावली की बॅटरीचा कप्पा किंवा पिना उघड्या पडतात. पावसात, समुद्रकाठी, धुळीत काम असेल तर हा मुद्दा एकटाच निर्णायक ठरावा.

विजेच्या बाबतीत भीती जरा जास्तच पसरलेली आहे. ग्रिपमधला विजेचा मार्ग तसा साधा असतो, आणि बहुतेक थर्ड पार्टी ग्रिप वर्षानुवर्षं विनातक्रार वीज पुरवतात. तक्रारी येतात त्या दोन. कॅमेरा बंद असतानाही ग्रिप थोडी थोडी बॅटरी खात राहते, आणि मेनूत दोन बॅटऱ्यांची टक्केवारी वेगवेगळी दिसत नाही. पहिली तक्रार घरी तपासता येते, ती पुढे सांगतो. नुकसानाचा प्रश्न मात्र गंभीरपणे घ्या. दुसऱ्या कंपनीच्या सामानामुळे बॉडी बिघडली असं ठरलं, तर तो खर्च सहसा वॉरंटीत बसत नाही.

पायरी ४: वापरलेली ओरिजिनल ग्रिप

नवी ओरिजिनल आणि नवी नक्कल यांच्यात अडकलेल्यांना मी आधी हा तिसरा पर्याय बघायला सांगतो. ग्रिपमध्ये शटर यंत्रणा नाही, सेन्सर नाही, काच नाही. तिची झीज कॅमेऱ्यापेक्षा खूपच कमी होते. लोक मिररलेसकडे वळताना डीएसएलआरच्या (आरसा असलेल्या कॅमेऱ्यांच्या) ग्रिप विकून टाकतात, त्यामुळे जुन्या मॉडेलच्या चांगल्या ग्रिप सहज मिळतात.

घेताना पिना बघा. त्या सरळ, चकचकीत आणि एका उंचीच्या असाव्यात. हिरवट थर असेल तर आत ओल गेलेली आहे. एए सेलचा ट्रे असलेल्या ग्रिपमध्ये ट्रेच्या स्प्रिंग बघा, गळलेल्या सेलचा पांढरा चुरा तिथेच साचतो. रबर सुटलंय का, ग्रिप बॉडीला आवळण्याचं चाक पूर्ण फिरतं का, ट्रायपॉडच्या भोकातले आटे गेलेत का, आणि बॅटरी ट्रे सोबत आहे का, हे विचारा. हरवलेला ट्रे वेगळा मिळवणं कधी कधी फार अवघड होतं.

आणखी एक धोका आहे तो बनावट ग्रिपचा. स्वतःच्या नावाने विकली जाणारी थर्ड पार्टी ग्रिप हा प्रामाणिक व्यवहार आहे. कॅननचं किंवा निकॉनचं नाव छापून विकलेली खोटी ग्रिप ही फसवणूक आहे. नवीन ‘ओरिजिनल’ फारच स्वस्त मिळत असेल तर अधिकृत विक्रेत्याकडेच जा. ऑनलाइन पानावर ‘कॅननसाठी’ लिहिलेलं असणं आणि ती ग्रिप कॅननची असणं यात फरक आहे. निर्मात्याचं नाव वेगळं वाचा.

पायरी ५: बॅटऱ्या

ग्रिपच्या किमतीत जे वाचलं ते बॅटऱ्यांत घाला. लिथियम-आयन बॅटरीतल्या चिपवरूनच कॅमेऱ्याला चार्ज किती उरलाय हे कळतं. कॅननच्या बॉडीला चिप ओळखता आली नाही तर ती पडद्यावर इशारा देते आणि पुढे जायचं का ते विचारते. शिवाय बॅटरीचा परिणाम वेगावरही होतो: आर५ आणि आर६ मध्ये एलपी-ई६एनएचऐवजी जुनी एलपी-ई६एन टाकली की सलग फोटोंचा कमाल वेग उतरतो.

क्षमतेचे आकडे वाचताना ओरिजिनलचे आकडे हाताशी ठेवा. सोनी एनपी-एफझेड१०० ची क्षमता २२८० एमएएच, निकॉन ईएन-ईएल१५सीची २२८०, कॅनन एलपी-ई६एनएचची २१३०, जुन्या एलपी-ई६ ची १८००. त्याच आकाराच्या स्वस्त बॅटरीवर याहून फार मोठा आकडा छापलेला दिसला तर त्यावर विश्वास ठेवू नका.

ग्रिपमध्ये नेहमी एकाच मॉडेलची, एकाच वयाची जोडी वापरा. एक नवी आणि एक दमलेली बॅटरी एकत्र घातली की टक्केवारी भलतीच दिसते आणि कॅमेरा मध्येच मान टाकतो. जोडीवर रंगीत चिकटपट्टी लावून खूण करा आणि ती जोडी एकत्रच चार्ज करा. बॅटरी फुगल्यासारखी वाटली किंवा ट्रेमध्ये घट्ट जायला लागली, तर ती जोर लावून घालू नका. ग्रिपमधून ओढून काढताना ती फाटू शकते.

एए सेलचा ट्रे आणीबाणीसाठी छान असतो. कॅननच्या जुन्या ग्रिपमध्ये ६ सेल बसतात, एमबी-डी१२ मध्ये ८. निकॉनच्या मेनूत सेलचा प्रकार निवडावा लागतो, नाहीतर चार्जचा आकडा चुकीचा दाखवला जातो. मिररलेस कॅमेऱ्यांच्या ग्रिपमध्ये मात्र हा ट्रे सहसा मिळत नाही.

पायरी ६: घरी आल्यावर तपासणी

खोकं, पावती आणि पिशव्या परत करण्याची मुदत संपेपर्यंत जपून ठेवा. मग या क्रमाने जा:

१. कॅमेरा बंद करा, ग्रिप सरळ रेषेत बसवा, चाक बोटांनी घट्ट करा. चाक तिरकं फिरतंय असं वाटलं तर लगेच थांबा. बॉडीतले आटे गेले तर दुरुस्ती ग्रिपपेक्षा महाग पडते.

२. एका हातात बॉडी, दुसऱ्यात ग्रिप धरून हलकेच पीळ द्या. करकर आवाज चालेल. सांध्यात फट उघडलेली दिसता कामा नये.

३. आधी एकच बॅटरी डाव्या खाचेत घालून कॅमेरा चालू करा, मग तीच उजव्या खाचेत. दोन्हीकडे चालायला हवा.

४. उभ्या फ्रेममध्ये अर्धं बटण दाबून फोकस धरून ठेवा. फोटो आपोआप निघाला किंवा फोकस सुटला तर ग्रिप परत करा. नंतर सलग फोटोंचा एक लांब फेरा घ्या आणि वेग मध्येच अडखळतो का ते ऐका.

५. डायल सावकाश एकेक खूण फिरवा, मग जोरात. दोन्ही दिशांना. गाळलेल्या पायऱ्या इथेच सापडतात.

६. ग्रिपवरची बटणं निकामी करणारा लॉक लावून सगळी बटणं दाबा. काहीही घडायला नको. लॉक नीट चालत नसेल तर आडवी फ्रेम धरताना तळहाताने शटर दाबलं जाईल आणि बॅगेत कॅमेरा जागाच राहील.

७. पूर्ण चार्ज केलेल्या बॅटऱ्या घालून कॅमेरा बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी टक्केवारी बघा. एखादा टक्का हलला तर ठीक, पण ठळक घट झाली असेल तर ग्रिप बंद अवस्थेत वीज खाते आहे. निष्कर्षाआधी त्याच बॅटऱ्या ग्रिपशिवाय तशाच रात्रभर ठेवून तुलना करा, कारण वायफाय किंवा ब्लूटूथ चालू असेल तर कॅमेराही वीज खातो.

८. तुमची सगळ्यात जड लेन्स लावून एक पूर्ण कामाचा दिवस वापरा, पण महत्त्वाच्या कामावर नाही. मध्येच ‘बॅटरी नाही’ असा संदेश आला तर पिनांचा संपर्क ढिला आहे. हा दोष वापराने सुधारत नाही, वाढतो.

काही थर्ड पार्टी ग्रिपमध्ये वायरलेस रिमोट अंगभूत असतो. मेइकेच्या प्रो नावाच्या अनेक मॉडेलमध्ये तो मिळतो आणि ओरिजिनलमध्ये सहसा नसतो. तो उपयोगाचा असेल तर त्याचीही चाचणी याच दिवसांत घ्या, भिंतीच्या पलीकडूनसुद्धा.

पुढची काळजी

चाक प्रवासात हळूहळू सैल होतं, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी ते एकदा पिळून बघायची सवय ठेवा. नाण्याने किंवा पकडीने आवळू नका. ग्रिप आणि बॉडी जोडलेल्या अवस्थेत फक्त ग्रिपच्या हँडस्ट्रॅपवर भार देऊन चालणं टाळा. खांद्याचा पट्टा बॉडीच्या कड्यांनाच लावा.

कॅमेऱ्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करताना थर्ड पार्टी ग्रिप काढा आणि पूर्ण चार्ज केलेली ओरिजिनल बॅटरी थेट बॉडीत घाला. अपडेटच्या मध्यावर वीज तुटली तर बॉडी सेवा केंद्रात न्यावी लागू शकते. अपडेटनंतर ग्रिप लावून चौथी आणि पाचवी चाचणी पुन्हा करा, कारण नव्या फर्मवेअरमुळे नक्कल ग्रिपची बटणं बंद पडू शकतात. मोठ्या कामाच्या आदल्या दिवशी अपडेट करूच नका.

ग्रिप काही आठवडे लागणार नसेल तर बॅटऱ्या बाहेर काढून निम्म्याच्या आसपास चार्जवर ठेवा, आणि एए सेल तर ट्रेमध्ये कधीच विसरू नका. बॉडीवरून काढलेलं बॅटरीचं झाकण किंवा रबरी टोपी ठेवायला बऱ्याच ग्रिपमध्ये खास खाच असते. ते तिथेच ठेवा, म्हणजे ग्रिप काढून बॉडी एकटी वापरायची वेळ आली की झाकण शोधत बसावं लागत नाही.